मुलूख सोडून गेलेले : एका स्वीडिश चित्रपटाच्या मराठी उपशीर्षकांच्या प्रकल्प नोंदी

८ जानेवारी २०२४

आमच्या चित्रपट मंडळाने येत्या एप्रिलमध्ये यान त्रोएल यांचा १९७१ सालचा स्वीडिश चित्रपट ‘उतवान्द्रार्ना’ दाखवायचे ठरवले असून त्याची मराठी उपशीर्षके तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. प्रदर्शनाच्या हक्कांचा पत्रव्यवहार मंडळाचे कार्यवाह पाहत आहेत. चित्रपट १९१ मिनिटांचा आहे. दक्षिण स्वीडनमधल्या स्मोलांद प्रांतात दगडगोट्यांच्या जमिनीशी झगडणारा कार्ल ओस्कार, त्याची बायको क्रिस्तिना, धाकटा भाऊ रॉबर्ट आणि त्यांच्याबरोबर गावातली आणखी काही माणसे १८५० साली कार्ल्सहाम्न बंदरातून शिडाच्या गलबतात बसतात, अटलांटिक महासागर ओलांडून न्यूयॉर्कला उतरतात आणि पुढे मिनेसोटापर्यंत जातात. कथा एवढीच आहे. विल्हेल्म मूबेरी यांच्या १९४९ ते १९५९ या काळात प्रसिद्ध झालेल्या चार कादंबऱ्यांवर हा चित्रपट आणि १९७२ मध्ये आलेला त्याचा उत्तरार्ध आधारलेला आहे.

त्रोएल यांनी दिग्दर्शनाबरोबर छायाचित्रण आणि संकलनही स्वतःच केले. पडद्यावरचे हात, माती, लाकूड, पाणी यांच्याकडे ज्या माणसाने भिंगातून पाहिले, त्यानेच ते दृश्य किती वेळ ठेवायचे हेही ठरवले, आणि म्हणून या चित्रपटात बोलण्यापेक्षा बघण्याला अधिक जागा आहे. उपशीर्षककाराने ती जागा खाऊ नये, हा पहिला नियम मी वहीच्या आतल्या पानावर लिहून ठेवला आहे.

कामाची पद्धत अशी ठरली : स्वीडनमध्ये बरीच वर्षे राहणाऱ्या एका मराठी ताई मूळ संवाद ऐकून त्यांचा शब्दशः कच्चा खर्डा पाठवतील, आणि मी त्यावरून मराठी घडवीन. इंग्रजी उपशीर्षके समोर ठेवायची ती फक्त वेळ जुळवण्यासाठी. इंग्रजीच्या वाटेने आलेले मराठी कसे लागते हे आपण सर्वांनी अनुभवलेले आहे.

१५ जानेवारी

खर्डा यायला वेळ आहे, म्हणून आठवडाभर पार्श्वभूमी वाचली. ही माणसे निघाली का, हे नीट कळल्याशिवाय त्यांच्या तोंडी शब्द घालणे मला योग्य वाटत नाही.

एकोणिसाव्या शतकात स्वीडनची लोकसंख्या झपाट्याने वाढली. बिशप एसायास तेग्नेर यांनी त्याची तीन कारणे सांगितली होती : शांतता, देवीची लस आणि बटाटे. मुले जगू लागली, पण जमीन तेवढीच राहिली आणि वाटण्या होत गेल्या. त्यातच नोकरांविषयीच्या कायद्याने मालकाला नोकरावर हात उगारण्याची मुभा दिलेली होती. रॉबर्ट शेतावर नोकर म्हणून राहतो, मालकाचा मार खातो आणि त्याच्या कानात कायमचा बिघाड होतो. तो प्रसंग त्या कायद्याशिवाय समजत नाही. तिसरी गोष्ट धर्माची. १७२६ च्या एका फर्मानाने घरोघरी जमून धर्मचर्चा करण्यास बंदी होती आणि ती १८५८ पर्यंत उठली नाही. क्रिस्तिनाचे मामा दानियेल याच कारणाने अडचणीत येतात. म्हणजे एकाच गलबतावर कोणी भुकेपायी, कोणी मारापायी, तर कोणी प्रार्थनेसाठी चढलेला आहे. १८५० च्या सुमारास सुमारे ३५ लाख वस्ती असलेल्या या देशातून पुढच्या ऐंशी वर्षांत १२ लाखांहून अधिक माणसे अमेरिकेला गेली.

हे सारे उपशीर्षकांत येणार नाही आणि येऊही नये. कार्यवाहांनी पडद्यावर टीपा देण्याची सूचना केली होती. मी ती नम्रपणे नाकारली. एक छापील पान प्रवेशद्वाराशी वाटता येईल.

२४ जानेवारी

पहिल्या चाळीस मिनिटांचा खर्डा आला, आणि त्याबरोबर या कामातला पहिला खरा पेच उभा राहिला. क्रिस्तिना आपल्या नवऱ्याला नावाने हाक मारते. ती त्याला ‘कार्ल ओस्कार’ म्हणते आणि स्वीडिशमधले एकवचनी ‘दू’ हे सर्वनाम वापरते. माझ्या हातून पहिल्या मसुद्यात आपोआप ‘अहो’ आणि ‘तुम्ही’ लिहिले गेले होते, कारण १८४० च्या दशकातली शेतकऱ्याची बायको म्हटल्यावर मराठी कानाला तेच खरे वाटते. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी घरात बायकोने नवऱ्याचे नाव उखाण्यात घ्यायचे, एरवी नाही.

दोन दिवस मी दोन्ही रूपे शेजारी शेजारी लिहून पाहिली. ‘तुम्ही’ घातले की संवाद मराठी होतो, परंतु क्रिस्तिना बदलते. या दोघांमधले नाते चित्रपटाचा कणा आहे : तो हट्टी, ती भित्री नव्हे पण मुळांना धरून राहणारी, जायचे की नाही यावर ती त्याच्याशी बरोबरीने वाद घालते, हरते आणि हरल्यावरही त्याच्याशी तुटत नाही. ‘अहो’ म्हणणारी बाई असा वाद घालूच शकत नाही असे नाही, मात्र प्रेक्षक तो वाद वेगळ्या वजनाने ऐकतील. अखेर ‘तू’ ठेवले. ताईंचेही मत तेच पडले.

आईबापांशी मुले बोलतात तेव्हा मात्र गंमत उलटी आहे. त्या काळच्या स्वीडिश रीतीप्रमाणे मुलगा बापाला थेट सर्वनाम न वापरता ‘बाबांनी हे करावे’ अशा तृतीयपुरुषी वळणाने बोलतो, आणि नोकर मालकाशीही तसाच. मराठीत आदरार्थी ‘आपण’ आहे, पण शेतावरच्या पोराच्या तोंडी तो दरबारी वाटतो. इथे मी ‘तुम्ही’ घेतले आणि संबोधन वाक्यात एकदा अधिक येऊ दिले : ‘बाबा, तुम्ही बसा.’ हे पूर्ण समाधानकारक नाही, पण वाचताना अडत नाही.

गलबतावरच्या मंडळींतल्या उल्रिकाला गावातले सगळेच एकेरी हाक मारतात, कारण तिने शरीर विकून पोट भरलेले आहे. मराठीत तिच्यासाठी ‘तू’ आणि क्रिस्तिनासाठीही ‘तू’ आला की हा फरक पुसला जातो. तो क्रियापदांच्या रूक्षपणातून दाखवावा लागेल : इतरांशी ‘ये ना’, तिच्याशी ‘ये’.

२ फेब्रुवारी

तांत्रिक बाबी ठरल्या. एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी, ओळीत शक्यतो सात शब्दांपेक्षा अधिक नाहीत, सहा सेकंदांहून अधिक काळ एकही उपशीर्षक पडद्यावर राहणार नाही. देवनागरीला वर वेलांट्या आणि खाली उकार असल्याने दोन ओळींमधले अंतर रोमन लिपीपेक्षा वाढवावे लागते. नाहीतर वरच्या ओळीचा ‘कू’ खालच्या ओळीच्या ‘की’वर आदळतो.

४ फेब्रुवारी

कार्ल ओस्कार आणि क्रिस्तिना यांच्या लहानग्या आन्नाच्या मृत्यूचा भाग पूर्ण झाला. घरात समारंभासाठी ठेवलेली जवाची लापशी भुकेली पोर गुपचूप पोटभर खाते, ती पोटात फुगते आणि मुलगी जाते. या भागात मिळून वीस-बावीस उपशीर्षके असतील. तीन वेळा लिहिली. पहिल्या मसुद्यात मी ‘सातू’ लिहिले होते, कारण शब्द जवळचा वाटला. परंतु सातू म्हटले की आपल्याला भाजलेले गोड पीठ आठवते, शिजलेले धान्य नाही. ‘जव’ केले. उपाशी घरात अन्नानेच मूल दगावावे, याविषयी चित्रपट एकही शब्द उच्चारत नाही. माझ्या मसुद्यात आईच्या तोंडच्या एका साध्या हाकेला ‘माझ्या लेकरा’ अशी जोड लागली होती. ती काढली. मुळात फक्त नाव आहे.

११ फेब्रुवारी

गलबतावरच्या भागासाठी हर्णैला जाऊन आलो. नकाशे, शब्दकोश आणि जुन्या प्रवासवर्णनांतून मी समुद्राचे सुमारे साठ शब्द जमवले होते, परंतु ते जिभेवर कसे येतात हे ऐकल्याशिवाय वापरायचे नाहीत असे ठरवले होते. ओळखीतून एक वृद्ध तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख खलाशी, भेटले. यंत्राच्या होड्या येण्यापूर्वी त्यांनी शिडाच्या मचव्यावर दिवस काढलेले आहेत. त्यांना मी चित्रपटातली गलबताची दृश्ये आवाज बंद करून दाखवली आणि काय चालले आहे ते सांगण्याची विनंती केली.

काकांनी पहिल्याच दृश्यात माझी चूक काढली. मी सगळीकडे ‘जहाज’ लिहिले होते. ते म्हणाले, ‘जहाज मोठं, कंपनीचं. हे दोन काठ्यांचं गलबतच.’ मूळ स्वीडिशमध्येही ते ‘ब्रिग’, म्हणजे दोन डोलकाठ्यांचे शिडाचे गलबत आहे, आणि कादंबरीत त्याचे नाव ‘शार्लोता’. एक शब्द बदलल्याने त्या माणसांभोवतालची जागा एकदम आवळली. ‘जहाज’ या शब्दात दहा आठवडे माणसे कोंडून राहतील असे वाटतच नाही.

मग बाकीचे. पुढच्या निमुळत्या टोकाला ‘नाळ’. ज्या आडव्या लाकडाला शीड बांधतात ते ‘परबाण’. आपल्याकडच्या गलबतांना ते तिरके असते, यांच्याकडे काटकोनात, आणि काका बराच वेळ ती रचना न्याहाळत होते. मी ‘निर्वात समुद्र’ असे लिहिलेले होते, त्यावर ते म्हणाले, ‘वारा पडला म्हणायचं. शीड लुळं होतं.’ लगेच तसे केले. जहाजाच्या वरच्या फळ्यांसाठी मी कोशातला एक जुना शब्द शोधून ठेवला होता, तर काका स्वतः ‘डेक’ म्हणाले. तेव्हा डेकच ठेवला. आणि ज्या प्रसंगाची मला सर्वांत धास्ती होती, सर्व प्रवासी एकाच वेळी ओकत आहेत तो, तिथे त्यांनी सहज म्हटले, ‘बोट लागली सगळ्यांना.’ हा शब्दप्रयोग मला लहानपणापासून माहीत होता. मुंबईहून रेवसला जाताना आजी आम्हाला ‘बोट लागेल, पोटभर खाऊ नका’ असे बजावत असे, आणि तरीही मी मसुद्यात ‘समुद्रप्रवासाची मळमळ’ असे लिहून बसलो होतो.

एका बाबतीत मात्र मी काकांचे ऐकले नाही. त्यांचे सगळे शब्द गलबतावरच्या खलाशांच्या तोंडी द्यायचे, प्रवाशांच्या नाही. कार्ल ओस्कार शेतकरी आहे. त्याने समुद्र पहिल्यांदा पाहिला तो कार्ल्सहाम्नच्या धक्क्यावर. त्याला परबाण म्हणजे काय हे ठाऊक नाही, तो ‘ते आडवं लाकूड’ असेच म्हणेल. त्याची भीती शब्द नसण्याची भीती आहे. त्यामुळे खलाशांची भाषा दर्याची आणि प्रवाशांची भाषा शेताची अशी फाळणी केली आणि साठांपैकी चौदा शब्द उरले.

१९ फेब्रुवारी

फळ्यांखालचे आयुष्य. कुटुंबे, एकटे पुरुष, म्हातारे, पोरे, सगळी एकाच अंधाऱ्या जागेत, मध्ये कापडाचे आडोसे. उवा सापडतात तेव्हा क्रिस्तिना उल्रिकावर आळ घेते, आणि उल्रिका अंगावरचे कपडे काढून स्वतः स्वच्छ असल्याचे दाखवते. मोनिका सेतेरलुंद या मूळच्या जॅझ गायिका. त्यांनी ही भूमिका केली आहे आणि या प्रसंगात त्यांच्या आवाजात लाज नाही, फक्त दुखावलेपण आहे. इथे मराठीत शिव्यांचा मोह होतो. स्वीडिश शब्द खरखरीत आहेत, पण गलिच्छ नाहीत. त्यामुळे ‘बाजारबसवी’सारखा शब्द एकदाच आणि तोही दुसऱ्याच्या तोंडी ठेवला.

त्यानंतर क्रिस्तिनाचे आजारपण. ताजा भाजीपाला नसल्याने होणारा स्कर्व्ही हा रोग तेव्हा अज्ञात नव्हता. जेम्स लिंड यांनी १७४७ मध्येच संत्री-लिंबांचा गुण दाखवून दिला होता आणि शतकाच्या अखेरीस ब्रिटिश आरमारात लिंबाचा रस दिला जाऊ लागला होता, तरी गरीब प्रवाशांच्या गलबतावर त्याचा उपयोग नव्हता. क्रिस्तिनाच्या नाकातून रक्त वाहू लागते आणि थांबत नाही. लिव उलमान (क्रिस्तिना) आणि मॅक्स फॉन सिडो (कार्ल ओस्कार) या दोघांचा तो रात्रीचा प्रसंग मी आतापर्यंत अकरा वेळा पाहिला आहे. संवाद थोडे, त्यांच्या मधल्या जागा लांब. मी उपशीर्षके संवाद संपताच पडद्यावरून काढून टाकली, रेंगाळू दिली नाहीत, म्हणजे त्या मधल्या वेळात प्रेक्षकाला वाचायला काही उरत नाही आणि त्याला तिच्या चेहऱ्याकडेच पाहावे लागते.

कादंबरीत मृतांना समुद्रात सोडताना कप्तान स्वीडनहून बरोबर आणलेली माती तीन वेळा त्यांच्यावर टाकतो. गलबतावर माती घेऊन निघावे लागते, हे वाचून मी त्या दिवशी काम थांबवले.

२७ फेब्रुवारी

दानियेल यांची भाषा. ते बायबलमधूनच बोलतात, आणि मराठीत ख्रिस्ती धर्मभाषेची स्वतःची परंपरा दोनशे वर्षांहून अधिक जुनी आहे, तेव्हा ‘परमेश्वर’, ‘प्रभुभोजन’, ‘पवित्र आत्मा’, ‘अभिवचन’ हे शब्द तिथूनच घ्यायचे. प्रश्न पातळीचा होता. जुन्या भाषांतराचे संस्कृतप्रचुर वळण घेतले तर दानियेल धर्मगुरूंसारखे बोलू लागतात, आणि त्यांचा तर धर्मगुरूंशीच झगडा आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावात बसून मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे भाषांतर केले, ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले; खेड्यातल्या साध्या बाईला कळेल असे मराठी त्यांना हवे होते. त्या भाषांतराची लय दानियेल यांना अगदी नेमकी बसली. बहुतेक वाक्ये लहान करून ‘आणि’ने जोडली.

१४ मार्च

अमेरिकेत उतरल्यानंतरचा भाग. रॉबर्ट एका पुस्तकावरून इंग्रजी शिकतो आहे, बाकीच्यांना अक्षरही कळत नाही, आणि त्यांच्या अवतीभवती लोक इंग्रजीत बोलतात. मंडळातल्या काहींचे म्हणणे असे की या इंग्रजी वाक्यांनाही मराठी उपशीर्षके हवीत. मी विरोध केला. बंदरावर उतरलेल्या क्रिस्तिनाला जे कळत नाही, ते प्रेक्षकाला मराठीत कळले तर तिचे भांबावलेपण आपण तिच्याकडून हिरावून घेतो. आमच्या प्रेक्षकांपैकी अनेकांना ते इंग्रजी समजेल हे खरे, पण ज्यांना समजणार नाही ते तेवढ्यापुरते क्रिस्तिनाच्या शेजारी उभे राहतील. चर्चा लांबली; शेवटी कथेचा धागा तुटेल अशा केवळ तीन ठिकाणी उपशीर्षक द्यायचे, बाकी सोडायचे, असे ठरले.

२३ मार्च

शीर्षक. हे काम मी मुद्दाम मागे ठेवले होते.

स्वीडिश शब्दाचा सरळ अर्थ ‘बाहेर निघून जाणारे’. ‘स्थलांतरित’ हा शब्द शासकीय आहे आणि पक्ष्यांसाठीही आपण तोच वापरतो. ‘निर्वासित’ चुकीचा, कारण यांना कोणी हाकलले नाही. ‘परागंदा’मध्ये तोंड लपवून पळण्याचा वास आहे. कोणी ‘गिरमिटिये’ सुचवले, कारण समुद्रापार गेलेली मराठी माणसे म्हटली की मॉरिशस आठवते. १८३४ पासून तिथे नेलेल्या जवळपास पाच लाख हिंदी मजुरांत मुंबईहून गेलेले मराठी लोकही होते, आणि पोर्ट लुईचा आप्रवासी घाट आज जागतिक वारसा आहे. परंतु ते करारपत्राने बांधलेले होते, उसाच्या मळ्यावर परक्याच्या हुकमाखाली राबायला गेले. कार्ल ओस्कार शेत विकून, स्वतःचे भाडे भरून, स्वतःची जमीन मिळवायला निघाला आहे. दोघांनाही एकच शब्द लावणे मॉरिशसच्या लोकांवर अन्याय ठरेल.

‘वसाहतकार’ या शब्दावर सर्वांत जास्त वेळ गेला. तो शब्द आपल्याला टोचतो, आणि टोचावा असे मला वाटते. मिनेसोटा १८४९ मध्ये अमेरिकेचा प्रदेश म्हणून आखला गेला, आणि चित्रपटाच्या शेवटी कार्ल ओस्कार ज्या तळ्याकाठी पोहोचतो त्या कि-ची-सागाचे नावच ओजिब्वे या तिथल्या मूळनिवासी लोकांच्या भाषेतले आहे. १८३७ च्या करारांनी ओजिब्वे आणि डकोटा लोकांकडून तो मुलूख सरकारने घेतला होता. पुढे १८६२ मध्ये डकोटांशी युद्ध झाले आणि त्या वर्षी २६ डिसेंबरला मँकेटो येथे ३८ डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी देण्यात आली. उत्तरार्धाच्या चित्रपटात हे सारे येते. कच्च्या मसुद्यात मिनेसोटाच्या जमिनीला मी एके ठिकाणी ‘ओसाड’ म्हटले होते. माणसे उठून गेलेल्या जागेला आपण ओसाड म्हणतो. इथे माणसे होती. ‘न नांगरलेली’ असा बदल केला, कारण कार्ल ओस्कारच्या डोळ्यांना ती तशी दिसते आणि तेवढेच खरे आहे.

उत्तरार्धाला कधी उपशीर्षके केली तर ‘वसाहतकार’ हाच शब्द लावीन. पहिल्या भागाला मात्र तो लागू नाही, कारण त्यातली माणसे अजून जात आहेत. खेडमधल्या आमच्या घरात, कोणी कायमचे गाव सोडले की ‘मुलूख सोडून गेला’ असे म्हणत. ‘मुलूख सोडून गेलेले’ हे शीर्षक लिहून ताईंना पाठवले. त्यांचे उत्तर आले : ‘मला चालेल. मीही त्यातलीच.’

१ एप्रिल

नऊ जणांपुढे चाचणी प्रदर्शन. दोष : गलबतावरच्या अंधाऱ्या दृश्यांत पांढरी अक्षरे डोळ्यांना फार टोचतात, फिकट करडी केली. रॉबर्ट आणि त्याचा मित्र आर्विद यांच्या बोलण्यात सात ठिकाणी उपशीर्षक आधी येते आणि शब्द नंतर, दुरुस्त केले. एका आजींनी विचारले की क्रिस्तिना नवऱ्याला नावाने का हाक मारते. मी कारण सांगण्यापूर्वीच त्या म्हणाल्या, ‘पण बरं वाटलं ऐकायला.’

१२ एप्रिल

अंतिम धारिका आज मंडळाकडे दिली. शेवटच्या दृश्यात कार्ल ओस्कार एकटाच तळ्याकाठी येतो, झाडावर खूण कोरतो आणि बुंध्याला टेकून बसतो. त्याच्या तोंडी शब्द नाही. चाचणीनंतर कोणीतरी तिथे तळ्याचे नाव लिहावे असे सुचवले होते. मी तिथे काही लिहिलेले नाही. प्रदर्शन २१ तारखेला, सायंकाळी साडेपाच वाजता आहे, आणि हर्णैच्या काकांसाठी पुढच्या रांगेतली खुर्ची राखून ठेवायची आहे.